मागचे खिसे जवळ येत गेले

…तर कंबरेपाशी थांबलो होतो आपण. मास्तर दुकानात पंख्याखाली उभे, अंगात बनियन, कमरेला स्वतःचीच पँट आणि ओठांत टाचण्या धरलेल्या. हात पाठीमागे नेऊन त्यांनी कंबरपट्टीची चिमूट धरली, टाचणी खुपसली, पँट उतरवून टॉवेल गुंडाळला आणि मशीनवर बसून सर्रकन टीप मारली. गिऱ्हाइकाची पँट असती तर खडूची खूण झाली असती, टेप लागली असती, "साहेब, जरा श्वास सोडा" असं आर्जव झालं असतं. ही घरचीच होती, तेव्हा कपातला चहा निवायच्या आत काम उरकलं.

शेजारी केस कापायचं दुकान. त्याच्या मालकाला सगळी गल्ली वस्तरा म्हणते, आणि ते काही त्याच्या हातातल्या हत्यारावरून नाही, जिभेवरून. गिऱ्हाईक नसलं की तो मास्तरांच्या दाराला खांदा लावून उभा.

"मास्तर, मागच्या पंधरवड्यातच घेतली होतीस ना रे आत?"

"कापड सैल पडतंय."

"कापड सैल पडतंय की तू सुकतोयस?"

"तुझ्या जिभेलाही एक टीप मारून देऊ का?"

वस्तरा हसला. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून शर्टाला काजं करणाऱ्या मास्तरीणबाईही हसल्या. मास्तरांशी लग्न झालं त्या दिवसापासून त्या मास्तरीण. मास्तर कापणार, शिवणार. काजं, बटणं, तुरपाई मास्तरीणबाईंकडे. इतकी वर्षं एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोघं बसलेली, त्यामुळे नवऱ्याचा चेहरा पाहायची त्यांना गरजच पडायची नाही. मशीनच्या आवाजावरून त्यांना कळायचं, आज स्वारी खुशीत आहे की कुणाची कॉलर बिघडली आहे.

आता ते "कापड सैल पडतंय" हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. शिंप्याच्या धंद्यात एक गोड खोटं असतं. गिऱ्हाईक फुगलं तर तुम्ही फुगलात असं कधी म्हणायचं नाही. कापड आटलं म्हणायचं. गिऱ्हाईक रोडावलं तर कापड सैल पडलं म्हणायचं. एक वकीलसाहेब होते, दर वर्षी त्यांचा कोट बोटभर तंग व्हायचा, आणि दर वर्षी मास्तर तितक्याच गंभीरपणे गिरणीवाल्यांना शिव्या घालायचे. "साहेब, पूर्वीचं सूत राहिलं नाही." वकील खूश, मास्तर खूश. कोर्टात दिवसभर दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडणारा माणूस, पण मास्तरांचं खोटं चार वेळा मागून घ्यायचा. तर असं खोटं आयुष्यभर बोलून बोलून मास्तरांच्या तोंडात ते इतकं मुरलं होतं की स्वतःची कंबर हातात आली तेव्हाही तेच बाहेर पडलं. दुसऱ्या कुणाची पँट एवढी सैल झाली असती तर तो घाबरून शिंप्याकडे तरी गेला असता, नाहीतर पट्ट्याला नवीन भोक पाडताना थबकला असता. मास्तरांच्या हाताला थबकायची सवयच नव्हती. सैल दिसलं की आत घ्यायचं. मेंदूपर्यंत बातमी जायच्या आत टीप पडलेली.

आणि मास्तरीणबाईंना तरी वावगं कुठं वाटलं होतं? पोट उतरलं होतं, गालांची हाडं वर आली होती. त्या एकदा म्हणाल्या, "अहो, लग्नातल्या फोटोसारखे दिसायला लागलात."

"मग पुन्हा हार घालतेस का?"

"घालते. पण पुन्हा सासू नको."

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. घरात येणारी प्रत्येक बातमी चांगल्या बातमीचे कपडे घालून येत होती, आणि कपडे बघून माणूस ओळखायची या घराला सवय.

तहानेचंच घ्या. मास्तर पूर्वी दुपारपर्यंत पाण्याला शिवायचे नाहीत. आता कोपऱ्यातला माठ जेवणाआधी तळ दाखवू लागला. मास्तरीणबाईंनी उलट कौतुक केलं, की शेवटी ऐकलं माझं, पाणी प्यायला लागले. मास्तर म्हणाले, इस्त्रीची धग. पाणी आत जाणार तितकं बाहेर येणार, म्हणून ते सारखे मशीन सोडून मागच्या न्हाणीघराकडे जाऊ लागले. रात्रीही उठायचे. त्यावर वस्तऱ्यानं एक विनोद केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही, पण मास्तर आठवडाभर तो गिऱ्हाइकांना सांगत होते.

मग न्हाणीच्या मोरीपाशी मुंग्या लागल्या. बारीक, लाल, भिंतीच्या भेगेतून निघून थेट मोरीच्या कडेपर्यंत रांग. मास्तरीणबाईंनी साखरेचा डबा तपासला, झाकण घट्ट. फडताळ पुसलं, मोरीत फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा हजर. त्या कंबरेवर हात ठेवून बराच वेळ त्या मुंग्यांकडे बघत राहिल्या. फिनेलच्या वासातही या मेल्यांना इथं काय गोड लागतंय, असं त्यांच्या मनात आलं. पण तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं, आणि विचार तिथंच मोरीत राहिला.

डोळ्यांचं तसंच. सुईत दोरा ओवताना मास्तर पूर्वी बोलत बोलत ओवायचे. आता जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, सुई उजेडाकडे धरून. "दोऱ्याला पीळच राहिला नाही," म्हणायचे. मशीन ओढून दारापाशी आणली. दिवा बदलला, मग तोही बदलला. काही दिवस स्वच्छ दिसायचं, काही दिवस धुक्यातून बघितल्यासारखं. आणि एके सकाळी, दुकान उघडल्यापासून पहिल्यांदाच, एका गिऱ्हाइकानं शर्ट परत आणून टेबलावर ठेवला. कॉलरचं एक टोक दुसऱ्याहून खाली. मास्तर त्या कॉलरकडे असे बघत बसले जणू ती कुणी दुसऱ्यानं शिवून त्यांच्या नावावर खपवली आहे.

त्या दिवशी मास्तरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण कुठल्या भिंतीवर, ते कळेना.

कळलं ते इस्त्री करताना. मास्तरांची नेहमीची करडी पँट त्यांनी उपडी पसरली, पाण्याचा शिपका मारला आणि इस्त्री उचलली ती उचललेलीच राहिली. पँटचे मागचे दोन खिसे. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये तळहात सहज मावेल एवढी जागा, अशी रीत. इथं मध्ये त्यांचा अंगठाही मावत नव्हता. कंबर मधल्या शिवणीतून आत घेत गेलं की खिसे एकमेकांकडे सरकत येतात. एकदा घेतली तर कळतही नाही. हे दोघे आता एकमेकांना टेकायच्या बेतात होते.

त्यांनी पँट उलटी केली. शिवणीच्या आत जादा कापड दडवून ठेवतात, पुढेमागे सोडायला लागलं तर असावं म्हणून. त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर माया राखायचे, पण बेताची. या पँटच्या पाठीत मायेचा एवढा जाड वळकटा झाला होता की बसताना टोचला कसा नाही? वळकटा उलगडला तर आत टिपांच्या रांगा, एकीच्या आत एक. बाहेरच्या रांगा सुबक, सरळ. आतल्या, म्हणजे अलीकडच्या, वाकड्या होत गेलेल्या. शेवटची तर दारू प्यालेल्या माणसानं मारल्यासारखी.

इस्त्री बाजूला ठेवून त्या दुकानात गेल्या.

"अहो, उभे राहा जरा. माप घ्यायचंय."

"कुणाचं?"

"तुमचं."

मास्तरांनी हसून हात वर केले. टेप कमरेभोवती फिरवून मास्तरीणबाईंनी आकडा बघितला, टेप सरळ करून पुन्हा बघितला. हा आकडा त्यांच्या मुलीचा होता, ती शाळेत होती तेव्हाचा. बनियनच्या खालून बरगड्या हाताला लागत होत्या. आणि जेवण तर पूर्वीपेक्षा जास्त. भाकरी मोजायची सोडली होती त्यांनी, इतकी भूक लागायची.

"दवाखान्यात जाऊया," त्या म्हणाल्या.

"कशाला? दुखतंय का काही? काही दुखत नाही मला."

"एवढं खाऊन माणूस वाळत नाही हो."

मास्तरांचा चेहरा मिटला. त्यांनी बायकोच्या हातातली टेप घेऊन गुंडाळली, फार सावकाश.

"उस्तादांचं माहीत आहे ना तुला?"

मास्तर ज्यांच्या हाताखाली शिकले ते उस्ताद. मोठा कलावंत माणूस, एका वाराच्या कापडात कोट बसवून दाखवायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, एक दिवस उस्ताद आपल्या पायांनी चालत दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी शुगर आहे म्हणून सांगितलं, आणि परत आले ते एक पाय तिथं ठेवून. वर्षभरात डोळेही गेले. त्यानंतर ते दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून ओळखायचे, आणि लोक दयेनं बाही पुढे करायचे.

"जाईपर्यंत चांगले होते," मास्तर म्हणाले. "डॉक्टरानं नाव घेतलं आणि माणूस संपला. तो शब्द आपल्या घरात नको."

"शब्दानं पाय तुटतो होय?"

"तू काजं कर."

असं ते कधी बोलत नसत. मास्तरीणबाई उंबऱ्यावर जाऊन बसल्या. मशीन सुरू झाली. खड्खड्, खड्खड्, मध्येच थांबे, पुन्हा खड्खड्. उस्तादांची गोष्ट त्यांनी कित्येकदा ऐकली होती, पण आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की दवाखान्यात जाण्याआधीची दोन-चार वर्षं उस्ताद कसे होते, ते या गोष्टीत कधीच येत नाही. त्यांचेही खिसे जवळ आले असतील का? की गोष्ट सांगणाऱ्यांनी फक्त शेवटचं पान वाचलं?

पुढचे काही दिवस त्या डोळ्यांत तेल घालून नवऱ्याकडे बघू लागल्या. आणि बघता बघता एक वेगळीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. घर फार शांत झालं होतं.

म्हणजे असं. मास्तर मशीनवर अनवाणी बसायचे. पायाच्या तळव्याला पायडल कळला पाहिजे, चप्पल घालून शिवणारा शिंपी म्हणजे हातमोजे घालून जेवणारा माणूस, असं त्यांचं म्हणणं. आणि शिंप्याच्या दुकानात जमीन म्हणजे टाचण्यांचं शेत. कितीही झाडा, कितीही लोहचुंबक फिरवा, दिवसातून दोनदा तरी मास्तरांच्या पायात टाचणी जायची, आणि मग त्यांच्या तोंडून जी फुलं बाहेर पडायची ती ऐकायला वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून धावत यायचा. टाचणी बनवणारा, विकणारा, शोधून काढणारा, सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मुलगी लहान असताना मास्तरीणबाई तिचे कान झाकायच्या.

ती फुलं बंद झाली होती. कधीपासून, हे त्यांना आठवेना. वस्तऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, माणूस साधू झालाय. वर्ष होऊन गेलं असेल, एक शिवी नाही. मला वाटलं तुम्हीच शपथ घातली."

शपथ कुणीच घातली नव्हती. टाचण्या तितक्याच सांडत होत्या. मास्तरीणबाई रोज झाडूनं गोळा करत होत्या. मग टोचत का नव्हत्या?

त्या दारातच उभ्या राहिल्या. दुकानात मास्तर शिवत होते. पाय पायडलवर वर-खाली, वर-खाली. लोखंडी पायडलच्या जाळीवर त्यांना एक डाग दिसला. मशीनचं तेल असेल, म्हणून त्या फडकं घेऊन वाकल्या. तेल काळपट असतं. हे पिवळट होतं, आणि त्याला वास होता.

"पाय उचला."

"शिवण सुटेल."

"अहो, पाय उचला म्हणते ना."

त्या इतक्या खालच्या आवाजात बोलल्या की मास्तरांनी मुकाट्यानं उजवा पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या उंचवट्यात, टाचणीचं डोकं चमकत होतं. नुसतं डोकं. बाकी सगळी टाचणी आत. भोवतालची कातडी पांढरी, फुगलेली, ओल्या कागदासारखी, आणि अंगठ्याची कड वांग्यासारखी निळी-काळी. ही टाचणी आजची नव्हती. कालचीही नव्हती. तिच्यावर भार देऊन मास्तर किती कपडे शिवून मोकळे झाले होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काय आहे?" मास्तरांनी विचारलं. वाकून बघितलं तरी त्यांना नीट दिसत नव्हतं.

"टाचणी आहे."

"कुठं?"

मास्तरीणबाईंनी त्या डोक्यावर अलगद बोट ठेवलं. मग जरा दाबलं. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. तिथं काहीच हललं नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी ज्या शिव्यांना कान झाकले, त्यातली एक, एखादी साधीशी शिवी आता यावी म्हणून त्या थांबल्या.

"दुखत नाही ना," मास्तर म्हणाले, जरा हसून. "मग एवढं काय?"

मास्तरीणबाईंनी दाराबाहेर तोंड काढून वस्तऱ्याला हाक मारली.

वस्तरा धावत आला. पाय बघून तो हातातलं हत्यार पुसू लागला. मग म्हणाला, "चिमट्यानं काढतो, आणि ही काळी कातडी जरा तासून देतो. कोमट पाण्यात मीठ टाका, चार दिवसांत बरं."

"तुमचं हत्यार खिशात ठेवा, भाऊजी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि रिक्षा आणा."

"अगं पण मोजमापाचं गिऱ्हाईक यायचंय," मास्तर म्हणाले.

"त्याला सांगू, कापड आटलंय."

गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात एक ठेंगणी, कामसू नर्स होती. तिनं पायाकडे एकदा बघितलं आणि पायाला हातच लावला नाही. आधी मास्तरांचं बोट पुसून सुई टोचली. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. हातातल्या त्या छोट्या यंत्रावर आकडा यायला हवा होता. आकड्याच्या जागी नुसती दोन अक्षरं आली. नर्सनं पट्टी बदलली, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. पुन्हा तीच अक्षरं.

"काय आलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"हे यंत्र एका हद्दीपर्यंतच मोजतं, मावशी. काकांची साखर त्याच्या वर गेलीय." मग तिनं मास्तरांना विचारलं, "तहान फार लागते? रात्री लघवीला उठता? डोळ्यांपुढे धूसर होतं?"

मास्तर प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत गेले, आणि दर वेळी मान जरा खाली गेली.

"लघवीच्या जागी मुंग्या येतात का हो?"

मास्तरीणबाईंना ती लाल रांग दिसली, भेगेतून निघून मोरीपर्यंत गेलेली.  फिनेलच्या रिकाम्या बाटल्याच तेवढ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

तिथून मोठ्या रुग्णालयात. हाताला सलाईन, पोटाला इन्सुलिन, पायाचा फोटो. तिथले डॉक्टर तरुण होते, थकलेले, बोलणं सरळ. त्यांनी मास्तरीणबाईंना व्हरांड्यात नेऊन सांगितलं, की अंगठा वाचणार नाही. पाऊल वाचवायचा प्रयत्न आहे. आत पू कुठवर गेला आहे ते उघडल्यावरच कळेल.

"पाऊल गेलं तर मशीन गेली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मशीन गेली तर हे नुसते बसून राहतील. उस्तादांसारखे."

"म्हणूनच उद्याच करायचंय."

"एवढं सगळं या दोन-चार महिन्यांत झालं?"

"नाही. आजार जुना आहे, काही वर्षांचा. तो आला म्हणून कुणी सांगत नाही, कारण तो दुखत नाही. हळूहळू पायाच्या नसा मारतो. मग पायाला काय झालं ते कळवायला कुणी उरतच नाही."

"आणि आधी कळलं असतं तर?"

 "तर रोजची गोळी, चालणं, ताटावर लक्ष आणि संध्याकाळी पायांवर एक नजर. बहुतेकांचं एवढ्यावर निभावतं. थेंबभर रक्तात कळतं हो, मावशी. तिशी उलटली की वर्षातून एकदा, आणि घरात कुणाला असेल तर त्याच्याही आधीपासून."

मास्तरीणबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कंबर आत घेताना त्यांनीच किती वेळा सुईत दोरा ओवून दिला होता.

संध्याकाळी मुलगी आली. ती दुसऱ्या गावी बस कंपनीच्या खिडकीत तिकिटं देते. निरोप मिळाला तशी मिळेल त्या गाडीनं निघाली होती. खाटेच्या कडेला बसून तिनं बापाचा हात हातात घेतला आणि थोडी रडली. मग बापानं तिला हसवली, कारण त्यांना तेवढंच येत होतं.

"वस्तऱ्यानं पाय तासतो म्हटलं होतं, फुकट. तुझी आई ऐकेना. इथं बघ, डॉक्टरकडून तासून घ्यावा लागतोय."

"बाबा, पुरे."

"बरं, राहिलं."

तिनं उशाजवळची पाण्याची बाटली उचलली आणि बोलता बोलता संपवली. मग आईच्या पिशवीतली काढली. तीही अर्धी झाली. "प्रवासात घसा कोरडा पडला," म्हणाली. मास्तरीणबाई फळं चिरत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. मास्तरांचं हसू मात्र थांबलं होतं. त्यांना तिचा चेहरा धुरकट दिसत होता, म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. खांद्याची शिवण जिथं असायला हवी तिथं नव्हती. ती दंडावर उतरली होती. दोन बोटांत त्यांनी कापड धरलं. भरपूर चिमूट आली.

"हा ड्रेस मी शिवलेला ना, मागच्या वर्षीचा?"

"हो. आता जरा सैल होतो. घरी आलात की आत घेऊन द्या."

चिमूट सुटेना. मास्तरीणबाईंनी सुरी खाली ठेवली. नवऱ्याची बोटं आयुष्यात पहिल्यांदा कापड धरून थबकलेली त्या बघत होत्या, आणि ती का थबकली ते त्यांना त्याच क्षणी कळलं. मुलीला कळलं नाही. ती बाटलीचं झाकण लावत होती.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. कागद पुढे करून म्हणाले, "मास्तर, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. इथं सही करा. काही विचारायचंय?"

मास्तरांनी पेन घेतलं, पण कागदाकडे बघितलं नाही. दुसऱ्या हातानं मुलीचा खांदा धरूनच ते म्हणाले, "विचारायचं काही नाही, डॉक्टर. माझा पाय काही पळून जात नाही, त्याचं उद्या काय ते करा. ही माझी मुलगी. हिचा ड्रेस मी शिवलाय, आणि मी सैल शिवत नाही. आत्ता, माझ्यासमोर, आधी हिच्या बोटाला सुई टोचा."